दारोदार विक्री : परवाना लागतो का?

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात घरोघरी पापड-कुरडया विकते. परवाना लागतो का? एका सोसायटीच्या वॉचमनने 'भीक मागायला बंदी आहे' म्हणून हाकललं.

उत्तर : ताई, लागतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात फिरते विक्रेतेही येतात. महानगरपालिकेकडे फिरत्या विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मागा. स्वतः किंवा घरच्यांनीच विकणार, दुसरं उपजीविकेचं साधन नाही आणि प्रमाणपत्र भाड्याने देणार नाही, असं हमीपत्र द्यावं लागतं. ते भाड्याने दिलं की रद्द होऊ शकतं. अनेकजण इथेच फसतात. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा नोंदणी वेगळी लागते का, हेही विचारून घ्या.

माल जप्त झाला तर यादीची प्रत तिथेच मागा, तो तुमचा हक्क आहे. ठरलेलं शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत मिळायला हवा.

वॉचमनचं म्हणणं अर्धंच खरं. प्रमाणपत्र असलं तरी खासगी आवारात परवानगीशिवाय शिरता येत नाही; सोसायटीच्या सचिवांकडून लेखी होकार घ्या. पण माल विकणं म्हणजे भीक नव्हे. 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात वस्तू विकण्याच्या बहाण्याने भीक मागणं येतं, म्हणून पाकिटावर वजन-किंमत लिहा आणि वरचे पैसे मागू नका.