ऑटोमॅटिक गाडीला ट्रेलर लावून नाशिकहून कसारा घाट उतरायचा-चढायचाय, ओव्हरड्राइव्ह बंद ठेवू का?

हो, घाटात बंदच ठेवा, उतरताना पण आणि परत येताना इगतपुरीकडे चढताना पण. ओव्हरड्राइव्ह म्हणजे असा वरचा गिअर ज्यात गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो (रेशो १ पेक्षा कमी, साधारण ०.७ च्या आसपास), त्यामुळे डिझेल वाचतं पण ओढायची ताकद कमी मिळते, मग मागे वजन असलं की गाडी चढावर खालचा गिअर टाकते, जरा स्पीड आला की परत वरचा, परत खालचा, असं चालूच राहतं आणि टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक सारखं सुटून ऑइल तापतं. गिअरबॉक्सचा खरा शत्रू ही उष्णता, वजन नाही. मी अंबडला गिअरबॉक्स खोलायचंच काम करतो, जळका वास मारणारं काळं ऑइल आणि झिजलेल्या क्लच प्लेटा बघून सांगतोय.

ओ/डी (ओव्हरड्राइव्ह) बटण नसेल तर मॅन्युअल मोड (गिअर हाताने निवडायचा) किंवा टो मोड (ट्रेलर ओढायसाठीचा) वापरा. उतारावर खालचा गिअर आधीच टाका, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवेल नाहीतर नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात, आणि कृपा करून न्यूट्रल तर अजिबात नको.

फक्त घोटी ते नाशिक सपाट रस्त्याला ट्रेलर हलका असेल आणि गाडी वरचा गिअर न सोडता धरत असेल तर ओव्हरड्राइव्ह चालू राहू द्या, काही बिघडत नाही. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर आधी गाडीच्या माहितीपुस्तकातली टोइंगची (ट्रेलर ओढायची) मर्यादा बघा.