१९५७ च्या शेव्हरोले बेल एअरची १:१८ ची (खऱ्या गाडीच्या अठराव्या भागाएवढी) मॉडेल गाडी खेळण्यासारखी दिसते, काय करावं?

आधी फटींकडे बघा. काळा अॅक्रेलिक रंग पाण्यात खूप पातळ करा, भांड्यांच्या साबणाचा थेंब घाला, दारं-बॉनेटच्या फटींत बारीक ब्रशने सोडा. बाहेर आलेला लगेच इअरबडने पुसा. निम्मं खेळणंपण इथेच जातं.

बेल एअरची ग्रिल सोनेरी हवी. चंदेरी जाळी शेव्हरोलेच्या त्या वर्षीच्या स्वस्त गाड्यांची. मागच्या पंखासारख्या भागावरचा रेघांचा अॅल्युमिनियम पट्टा रंगाने जमत नाही. चिकट धातूची फॉइल लावून टूथपिकने रेघा दाबा. प्लास्टिकच्या क्रोमला थिनर मात्र लावू नका, माझा एक बंपर त्यातच गेला!

आणि बडोद्यात भर पावसाळ्यात लॅकर (चकचकीत थर देणारं वार्निश) मारू नका, दमट हवेत पांढुरका पडतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी नवरात्र उलटेपर्यंत थांबतो.