‘मी राजीनामा दिलो तर मागचा पगार बुडतोय काय, मॅडम?’

विमान कंपनी डबघाईला आली की तिथे काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणारी कोल्हापूरची होती. वय २७, मुंबईत एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये देखभाल तंत्रज्ञ. नोकरीला चार वर्षं सात महिने झालेले, चार महिन्यांचा पगार थकलेला. निम्मी विमानं जमिनीवर, उरलेली कशीबशी उडत होती. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरून ती वडिलांबरोबर थेट आमच्याकडे समुपदेशनासाठी आली. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिली वीस मिनिटं वडीलच बोलले. पोरगी विमानाचं इंजिन उघडते हे त्यांनी गल्लीत, तालमीत, पै-पाहुण्यांत सांगून ठेवलेलं. आता ‘सोडून ये’ म्हणावं तर चार महिन्यांचे १,५२,००० गेले, आणि ‘थांब’ म्हणावं तर दर महिन्याला घरूनच पैसे पाठवावे लागतात. ती गप्प बसून फोन खाली-वर सरकवत होती. सहकाऱ्यांचा ग्रुप होता. ‘सोमवारी पगार’, ‘नवा गुंतवणूकदार आला’, ‘शुक्रवारी नक्की’. असे सतरा सोमवार होऊन गेले होते.

वडिलांना विचारलं, एखाद्या पार्टीने जॉबवर्कचं बिल थकवलं, तर पुढचा माल देता का?

ते हसले. “दिला की ओ मॅडम. मागचं मिळंल म्हणून पुढचा देत गेलो, त्यातच तर एकदा बुडालो.”

“आणि माल थांबवला म्हणून मागचं बिल माफ झालं?”

“कसं होईल? चलन हाय, सही हाय.”

मुलीने फोन बाजूला ठेवला तो इथे.

मुद्दा एवढाच होता, पण तो तपशिलाने समजून घ्यावा लागतो. केलेल्या कामाचा पगार हे कंपनीच्या डोक्यावरचं देणं असतं. राजीनाम्याने ते फिटत नाही आणि थांबून राहिल्याने त्या देण्याला वरचा नंबरही मिळत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली अवसायन झालं, म्हणजे कंपनी मोडीत काढली, तर पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे ते कलम ५३ मध्ये लिहिलेलं आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी, आणि त्यांच्या बरोबरीने तारण असलेले सावकार. त्यानंतर ‘कामगार’ व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे १२ महिने. हे महिने अवसायनाच्या तारखेपासून मागे मोजतात, म्हणून प्रकरण रेंगाळलं तर जुने महिने या रांगेतून मागे पडू शकतात. तंत्रज्ञ कोणत्या रांगेत बसेल हे पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. त्यामुळे कामाचं स्वरूप सांगणारी पत्रं, ड्युटी रोस्टर, जॉब कार्डच्या, म्हणजे प्रत्येक कामाच्या कागदावरच्या, नोंदी यांना किंमत असते. प्रक्रिया सुरू झाल्यानंतरचा पगार प्रक्रियेच्या खर्चात धरतात, म्हणजे त्याला पहिला मान मिळतो. पण तो प्रत्यक्ष काम केलेल्यांनाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. नुसतं हजेरीपटावर नाव ठेवून उपयोग नाही.

विमान कंपनीत आणखी एक अडचण असते आणि ती आपल्याकडच्या लोकांना लवकर पटत नाही. साखर कारखाना बंद पडला तरी जमीन, बॉयलर, गोदामातली साखर उरते. शेतकरी निदान बोट दाखवून ‘ते विका’ म्हणू शकतो. विमान कंपनीची विमानं बहुतेक भाड्याची असतात. पूर्वी दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की वसुलीला स्थगिती लागायची आणि ही विमानंही अडकून पडायची. ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमानं आणि इंजिनं त्या स्थगितीतून वगळली गेली, आता भाड्याने देणारा ती परत नेऊ शकतो. मागे उरतात टेबलं, शिड्या, सुटे भाग आणि कज्जे.

वेळही लागतो. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, २० जूनला प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात दाखल करून घेतलं गेलं, मधल्या काळात नवा खरेदीदार आला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. गो फर्स्टने २ मे २०२३ ला स्वतःच अर्ज केला, दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद. अवसायनाचा आदेश २० जानेवारी २०२५ चा. या तारखा तिला घाबरवायला सांगितल्या नव्हत्या. शुक्रवार मोजणं थांबावं म्हणून सांगितल्या.

मग कागद पुढे ओढून हिशेब मांडला. तिला अडवणारी दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटी होती. पाच वर्षं पूर्ण व्हायला पाच महिने कमी. मूळ वेतन १८,०००. सूत्र सरळ आहे: शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पाच वर्षांचे होतात ५१,९२३ रुपये. आता थांबण्याचा खर्च: खोलीचा वाटा १०,५००, मेस ६,५००, लोकलचा पास आणि किरकोळ १,५००. महिन्याला १८,५००, पाच महिन्यांचे ९२,५००. शैक्षणिक कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही, तो कुठेही राहिली तरी भरायचा आहे. म्हणजे ५२ हजारांसाठी ९२ हजार घालायचे, तेही पाच महिने कंपनी टिकली तर. वडिलांनी कागद उलटा फिरवून स्वतः पुन्हा गुणाकार केला. आमच्या बोलण्यापेक्षा त्यांचा स्वतःच्या पेनावर जास्त विश्वास, आणि ते बरोबरच आहे.

यानंतर वडिलांना बाहेर चहाला पाठवलं. तेव्हा ती खरं बोलली. पैशाचं दुखणं होतंच, पण झोप वेगळ्याच गोष्टीने उडाली होती. सुटे भाग पुरवणारे रोख घेतल्याशिवाय माल देत नव्हते. मग उभ्या विमानाचा भाग काढून उडणाऱ्या विमानाला लावायचा. नोंदी नीट ठेवल्या तर यात बेकायदा काही नाही, पण एका कामाची चार कामं होतात: इथून काढा, तिथे लावा, नवा आला की पुन्हा काढा, पुन्हा लावा. माणसं निम्मी, शिफ्ट लांब. “रात्री तीनला दचकून जागी होतो मॅडम. लॉकवायर बांधलो का न्हाई, आठवतच न्हाई. बांधलेलं असतंय. पण आठवत न्हाई.” (लॉकवायर म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार.)

इथे समुपदेशकाने घाई करू नये. ‘सकारात्मक राहा’ तर अजिबात म्हणू नये. तिची भीती वेडी नव्हती. थकलेला, बिनपगारी माणूस आणि घाईचं काम, ही जोडी विमान क्षेत्रात धोक्याची मानतात. त्यासाठी तीन गोष्टी ठरल्या. काम अर्धवट सोडून उठावं लागलं, तर परतल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात. दुसऱ्या तपासणीची सही जिथे लागते, तिथे ती समोर उभं राहून घ्यायची, नंतर नाही. आणि झोप झालेली नसेल त्या दिवशी शिफ्ट प्रमुखाला तसं सांगायचं, कमीपणा न मानता. ग्रुपची सूचना बंद, दिवसातून एकदाच, संध्याकाळी सातला वाचायचा. दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा जगणं नको असे विचार आले, तर डॉक्टर. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक वहीत लिहून दिला.

वडील परत आल्यावर कागदांचं काम काढलं. मुंबईला परतल्यावर पहिल्या आठवड्यात तिने काय करायचं, याचा क्रम महत्त्वाचा होता. सगळ्यात आधी अनुभवाची नोंदवही. तिने विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याच्या मॉड्यूल परीक्षा दिल्या होत्या, पण अनुभवाच्या नोंदींवर सह्या राहिलेल्या. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, काम, जॉब कार्ड क्रमांक, आणि परवानाधारक अभियंत्याची सही. या सह्या कंपनी उघडी आहे तोवरच सहज मिळतात. क्वालिटी विभागातल्या माणसांना बाहेर मागणी असते, ती लवकर निघून जातात, आणि मग वहीवर शिक्का मारायला कोणी उरत नाही. परवानाधारकांनाही ही वही जपावी लागते: मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव नसेल, तर देखभाल नीट झाल्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार वापरता येत नाही. थकलेला पगार पुढेमागे थोडाफार मिळेलही. बिनसहीची चार वर्षं पुन्हा करता येत नाहीत.

मग पगारपत्रकं. ती कंपनीच्या पोर्टलवर असतात आणि पोर्टल बाहेरच्या पुरवठादाराचं असतं. त्याचं बिल थकलं की एके सकाळी लॉगिन होत नाही. सगळी उतरवून स्वतःच्या मेलवर. नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, रजेची शिल्लक, बँकेचं विवरण. पीएफचं पासबुक उघडून कापलेली रक्कम खरोखर जमा झाली का ते महिनावार बघायचं. टीडीएसचं, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराचं, तेच, आयकर खात्याच्या संकेतस्थळावर. किंगफिशरच्या वेळी कापलेला टीडीएस सरकारकडे भरलाच गेला नव्हता. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पीएफ खात्यात टाकली नाही, तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते. कंपनीच्या मेडिक्लेमवर आई-वडिलांची नावं होती. हप्ता भरला आहे का हे एचआरला न विचारता थेट विमा कंपनीला विचारायला सांगितलं.

त्यानंतर थकबाकी मागणारा मेल. लोकांना हा मेल म्हणजे भांडण वाटतं. पण पुढे दावा करायची वेळ आली, तर पगार मागितल्याचा आणि तो न मिळाल्याचा पुरावा लागतो. मेल आणि बँकेचं विवरण मिळून तो होतो. मजकूर चार ओळींचा: कोणते महिने, किती रक्कम, आणि ‘थकीत वेतन व रजेचे पैसे यांवरील माझा हक्क राखून’. तेच वाक्य राजीनाम्यात. आणि ‘काहीही येणे नाही’ असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही नाही. लोक फसतात ते इथे. कार्यमुक्तीचं पत्र हवं असतं, समोर कागद येतो, घाईत सही होते.

दावा कधी करायचा? दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की तिच्यासाठी नेमलेला व्यावसायिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो, ती आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही असते. त्यात शेवटची तारीख असते. कर्मचाऱ्याने फॉर्म ‘डी’ भरायचा, ईमेलने चालतो, फी नाही, वकील लागत नाही. आपला दावा आपोआप नोंदला जातो, एचआर यादी देईल, या समजुतीवर बसू नये. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या निधीवर मात्र सावकारांचा हक्क नसतो. जेटच्या प्रकरणात ही देणी पूर्ण द्यावीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम केलं.

राजीनामा लगेच द्या असं तिला सांगितलं नव्हतं. आधी वही, मग कागद, मग नव्या नोकरीसाठी अर्ज, आणि तिथलं पत्र हातात आल्यावर राजीनामा. तरी एक चूक झालीच. नोंदवहीच्या मागे ती अकरा दिवस धावली, सह्या मिळाल्या, पण तोवर पोर्टल बंद पडलं आणि दोन महिन्यांची पगारपत्रकं आत राहिली. सुदैवाने त्या महिन्यांचं रोस्टर तिच्या फोनमध्ये होतं. दोन्ही कामं एकाच दिवशी करायला सांगायला हवं होतं. आता आम्ही तसंच सांगतो.

अडीच महिन्यांनी तिला नागपूरला विमान दुरुस्तीच्या एका कंपनीत काम मिळालं. पगार जुन्यापेक्षा तीन हजारांनी कमी. जुनी कंपनी अजून पाच-सहा विमानं उडवते आहे. मेलला एचआरचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे’. तिने त्याची प्रत काढून लाल फाईलमध्ये लावली.

थकबाकी वाढत वाढत साडेसहा महिन्यांची झाली होती. वडिलांनी वर्कशॉपच्या खातेवहीत येणे बाकीच्या पानावर २,४७,००० लिहून ठेवलेत. पार्टीच्या नावाच्या जागी फक्त ‘विमान’.