ओळी कुठेही तुटू देत, उकार कापला जाता कामा नये

तुम्ही विचारलंय की एकच मराठी वेबपान क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या ब्राउझरांत वेगळं का दिसतं आणि ओळी तिन्हीकडे एकाच जागी कशा तोडायच्या. नाही तुटणार. तो नाद सोडा. क्रोम-फायरफॉक्स अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, मॅकवरची सफारी ॲपलचं कोअरटेक्स्ट. रुंदीत जरासा फरक पडला तरी शेवटचा शब्द खाली जातो.

पोटतिडकीने लिहितेय, कारण लोअर परळच्या एका कंपनीत असताना आम्ही नाटकाच्या तिकिटांचं पान केलं होतं. ऑफिसात सगळे मॅक. वरिष्ठांनी प्रत्येक चौकटीची उंची पिक्सेलमध्ये बांधलेली, वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते कापायचं. लाइन-हाइट (ओळीची उंची) दिलेलीच नाही, फॉन्ट ज्या मशीनवर जो असेल तो. मी दोनदा म्हटलं, उंची मोकळी सोडूया. "डिझाइन हलेल," म्हणाले. पान सुरू झालं त्याच दिवशी दादरहून निर्मात्यांचा फोन. मी स्वतः गेले. बुकिंगच्या खिडकीतल्या जुन्या विंडोजवर 'खुर्ची क्रमांक'चं 'खर्ची क्रमांक' झालं होतं, 'शुक्रवार'चा 'शक्रवार'. मॅकवर कोहिनूर देवनागरी हा फॉन्ट होता, इथे मंगल. लाइन-हाइट दिली नाही की ओळीची उंची फॉन्ट ठरवतो. मंगलची ओळ उंच, म्हणून अक्षरं खाली सरकली आणि उकार चौकटीबाहेर गेले. खिडकीतले काका म्हणाले, "ताई, शुद्धलेखन तरी बघायचं होतंत."

ऑफिसात उत्तर मिळालं की मराठीत ही कटकट असतेच, शीर्षकांची चित्रं करून टाका. मी नाही केली. चित्रातला शब्द निवडता येत नाही, मोठा केला की फुटतो, आणि दर आठवड्याला नवा प्रयोग लागला की नवं चित्र कोण करणार? चूक भाषेची नव्हती, बांधलेल्या उंचीची होती. हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.

तर फॉन्ट पानासोबत स्वतःचा पाठवा. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे. लाइन-हाइट एककाशिवाय द्या, म्हणजे पिक्सेल वगैरे न लिहिता नुसता आकडा; मी १.६ च्या खाली उतरत नाही. चौकटीला हाइटऐवजी मिन-हाइट (किमान उंची) द्या. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेघ तुटते. पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये एमआर (मराठी) लिहा, म्हणजे फॉन्टात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. फाइल हलकी करायला फॉन्टातली नको ती अक्षरं छाटलीत तर जोडाक्षरांचे नियम छाटले गेले नाहीत ना, ते 'क्ष', 'र्‍या' टाइप करून डोळ्यांनी बघा. आणि विंडोजवर बघा, फक्त स्वतःच्या मॅकवर नको.

छापायचं तिकीट किंवा प्रमाणपत्र असेल, जिथे ओळ हललेली चालतच नाही, तर मात्र ब्राउझरवर सोडू नका. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ सर्व्हरवर तयार करा. आमच्या तिकिटांचं शेवटी तेच केलं.