खेळण्यांचं डिझाइन आणि मुलांची पुस्तकं: दोन्ही करून पोट भरतं का?

भाची बारावीला आहे, हात चांगला आहे, तिला खेळणी डिझाइन करायची आहेत आणि लहान मुलांची पुस्तकंही करायची आहेत. यात पोट भरतं का आणि शिकायचं कुठे, असं तुम्ही विचारलंय. पोट भरतं, पण ते खेळण्यांवर. पुस्तकं जोडीने चालतात. घरात बोलणी करताना हे आधीच स्पष्ट असलेलं बरं.

पुस्तकाचा हिशेब साधा आहे. समजा दीडशे रुपयांचं चित्रपुस्तक, दोन हजारांची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तर हातात तीस हजार. लेखक वेगळा असेल तर त्यात वाटेकरी. आवृत्ती वर्षात संपेलच असं कोणी सांगू शकत नाही. काही प्रकाशक एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेतात. तो करार दोनदा वाचून मगच सही करावी.

खेळण्यांत पगारी नोकरी मिळते किंवा कामाची ठरलेली फी. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. बाहेरून माल आणून नुसतं लेबल बदलणाऱ्यांची पंचाईत झाली आणि इथे माल बनवणाऱ्यांना इथले डिझायनर लागायला लागले, हे मी जवळून पाहतोय.

पण हे काम म्हणजे गोंडस अस्वलं काढणं नव्हे. माझ्या टेबलावर एक छोटं नळकांडं कायम असतं: आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग, किंवा आपटून-ओढून निघालेला तुकडा, न दाबता त्यात पूर्ण मावला की खेळणं नापास, कारण तो मुलाच्या घशात अडकू शकतो. नवीन मुलं पोर्टफोलिओ घेऊन येतात तेव्हा मी त्यांच्याच नमुन्याचं बटणाचं नाक किंवा गाडीचं चाक ओढून बघतो. निघालं तर नळकांड्यात टाकतो. टुप्पकन आत जातं. बहुतेकांचा चेहरा पडतो. जो लगेच विचारतो की नाक अंगातच कोरलं तर चालेल का, तो या धंद्यात टिकतो.

याचा पुस्तकाशी काय संबंध, तर फार आहे. मिलानचे चित्रकार-डिझायनर ब्रूनो मुनारी (1907–1998) बघा. बाजारातली पुस्तकं पसंत पडेनात म्हणून त्यांनी आपल्या मुलासाठी स्वतः पुस्तकं केली. ती 1945 मध्ये छापून आली, पानांवर उघडायच्या झडपा असलेली. पुढे फोम रबरचं, आत तार असलेलं झिझी नावाचं माकड केलं. वाकवाल तसं राहायचं. त्याला 1954 मध्ये कोम्पासो दोरो हा इटलीतला डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला. आणि 1980 मध्ये त्यांनी ज्यांना वाचताच येत नाही अशांसाठी 12 चिमुकल्या पुस्तकांचा संच केला: 10 सेंटिमीटर चौरस, आत एक शब्द नाही, कुठे कागद, कुठे कापड, कुठे लाकूड. मुखपृष्ठ पुढेही आणि मागेही, म्हणजे पोराने कसंही धरलं तरी पुस्तक सुलटच. नुसत्या चित्रकाराला हे सहजी सुचत नाही, कारण तो पान बघतो. खेळणी करणारा मुलाचा हात बघतो.

आपल्याकडचं नाव अर्थातच टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे पुण्याचे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूर, मग टेल्को (आजची टाटा मोटर्स), मग मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतलं विज्ञान शिक्षणाचं काम. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी आकार केले: त्रिकोण ताठ उभा राहतो, चौकोन कलतो, मूल हात लावताच समजतं. पुस्तकंही त्यातूनच झाली. पण त्यांनी सगळं जगाला फुकट खुलं केलं. आदर पूर्ण आहे, फक्त भाचीला घरभाडं भरायचं असेल तर तो वेगळा रस्ता आहे एवढं तिला माहीत असू द्या.

आता हक्कांचं, कारण इथे चांगली चांगली माणसं फसतात. पुस्तकाचा कॉपीराइट आपोआप मिळतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. खेळण्याचं तसं नाही. खेळण्याचा आकार-रूप डिझाइन कायद्याखाली नोंदवावं लागतं. संरक्षण 10 वर्षं, वाढवून आणखी 5. नोंदवण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखान्यात त्याच्या 50 हून अधिक वस्तू निघाल्या, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. आणि नोंदणीच्या अर्जाआधी ते जगाला दिसलेलं नसावं लागतं, म्हणून अर्ज करण्यापूर्वी इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचा नाही. नोकरीत केलेलं डिझाइन बहुधा कंपनीचंच. पुस्तकातलं पात्र तिचं स्वतःचं असेल तर त्याचं खेळणं करण्याचे हक्क प्रकाशकाला सरसकट देऊ नयेत, ते वेगळे लिहून घ्यावेत.

शिक्षण: एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, खेळणी आणि गेम डिझाइनचा अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे, गांधीनगरला. म्हणजे आधी पदवी हवी. उत्पादन डिझाइन घेतलं तर उत्तम, उपयोजित कलाही चालते. तोवर सुट्टीत सावंतवाडीला चिताऱ्यांचं, म्हणजे लाकडी खेळणी करून रंगवणाऱ्या कारागिरांचं, काम बघू द्या, जमल्यास कर्नाटकात चन्नपट्टणलाही. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनेच रंग वितळून चढतो आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. संगणकावर रंग भरणाऱ्या मुलीने हे एकदा डोळ्यांनी बघावं.

पोर्टफोलिओत तीस चकचकीत चित्रं नकोत. दोन-तीन खरी, हातात धरता येणारी खेळणी आणि एक पूर्ण पुस्तकाची कच्ची प्रत, पानं शिवलेली. सोबत ती प्रत शेजारच्या पोराने कशी हाताळली, कुठे चावली, कुठलं पान वगळलं, याची टिपणं. मी तरी ती टिपणं आधी वाचतो.