ख्रिस्ती प्रार्थना केंद्र आणि चर्च यांत फरक काय? ख्रिस्ती नसलेल्या माणसाने तिथे गेलं तर चालतं का?

चालतं. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण विचारणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं. मी एका केंद्रात मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेला पाळीने बसते. येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले बरेच असतात आणि दारात कुणी धर्म विचारत नाही.

आता फरक. चर्चला स्वतःची मंडळी असते: सभासद, पाळक किंवा फादर, रविवारची उपासना, बाप्तिस्मा, लग्नं, अंत्यविधी. प्रार्थना केंद्राला बहुतेक वेळा सभासदच नसतात. माणूस विनंती घेऊन येतो, कुणीतरी त्याच्याजवळ बसून ऐकतं, प्रार्थना होते, तो घरी जातो. रविवारी तो दुसऱ्याच चर्चला जाईल, नाहीतर कुठेच जाणार नाही. फ्रान्समधल्या तेझे या खेड्यात तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संन्यासी बंधू एकाच संघात राहतात. या संघाचे संस्थापक ब्रदर रॉजर १९४० साली त्या खेड्यात आले आणि युद्धकाळात त्यांनी निर्वासितांना आसरा दिला. आज तिथे जगभरातून तरुण येतात.

पाळीने बसण्याची पद्धत कुठून आली असं कुणी विचारलं की मी जर्मनीतल्या हेर्नहूट गावाचं नाव घेते. धर्मछळामुळे मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) पळालेले लोक तिथे काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर वसले होते. १७२७च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या २४ पुरुषांनी आणि २४ स्त्रियांनी प्रार्थनेसाठी दिवसाचे तास वाटून घेतले. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, हे बायबलच्या लेवीय पुस्तकातलं वचन त्यांच्यासमोर होतं. ही साखळी शंभराहून अधिक वर्षं चालली. आणि याच गावातून १७३२ साली दोघे जण कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांकडे निघाले. प्रार्थनेला बसणारे लोक गावाबाहेरचं बघत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

प्रत्यक्षात हे काम फार रोमहर्षक नसतं. चिठ्ठ्या, फोनवर टिपून घेतलेल्या विनंत्या, मोबाईलवर आलेले निरोप. एकेक नाव घ्यायचं, आजार, कर्ज, परीक्षा, तुटत चाललेलं घर देवापुढे मांडायचं. पहाटेच्या पाळीला झोप येते, मग उभं राहून करायची. दूरच्या माणसासाठी वेगळं काही करत नाहीत. चिठ्ठीवर पूर्ण नाव-पत्ता नसला तरी चालतं. जवळच्यांसाठी मात्र प्रार्थनेपाशी थांबता येत नाही. इस्पितळात सोबतीला जावं लागतं, कुणाच्या घरी डबा पोचवावा लागतो.

सावध कुठे राहायचं तेही सांगते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, औषध बंद करायला नाही. ‘गोळ्या सोडा, विश्वास ठेवा’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. प्रार्थनेचा दर सांगितला, किंवा तुमचं दुखणं तुमच्या परवानगीशिवाय माइकवरून साक्ष म्हणून, म्हणजे देवाच्या कृपेचा जाहीर अनुभव म्हणून, सांगितलं, तरी उठा. दानपेटी असणं वेगळं. तिच्यात काही टाकलं नाही म्हणून कुणी तोंड वाकडं करू नये.

पहिल्यांदा जाणार असाल तर उपवास-प्रार्थनेच्या किंवा मोठ्या सभेच्या दिवशी जाऊ नका. गर्दीत, मोठ्या आवाजात नवखा माणूस बावरतो. साध्या दिवशी, आधी फोन करून, ‘बोलायला कुणी असेल का?’ एवढंच विचारा. बाईमाणूस हवं असेल तर तसंही सांगा, त्यात संकोच नको.