नाक्सोसला निघालेल्या मुलीला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नाक्सोस या ग्रीक बेटावर काय बघायचं याची तू पाठवलेली यादी वाचली. पोर्तारा हे प्राचीन देवळाचं उरलेलं संगमरवरी दार आहे, अपोलोनास गावचा अर्धवट कोरून सोडलेला संगमरवरी कूरोस, म्हणजे पुरुषाचा प्राचीन पुतळा आहे, झास डोंगरही आहे. सगळं बघ. पण तुला तिथल्या रोजच्या जगण्यावर लिहायचंय, म्हणून एक सांगतो. ‘कमालच आहे बाई या लोकांची’ असं मनात आलं की तेवढंच लिहून पुढे जाऊ नकोस. जे तऱ्हेवाईक वाटतं त्याचं कारण हाती लागेपर्यंत तिथेच रेंगाळ.

खोलीवर पोचलीस की संडासात पाटी दिसेल: कागद कमोडमध्ये टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. नवखी माणसं नाक मुरडतात आणि यावर चार ओळी खरडतात. जुन्या इमारतींतले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, कागदाने तुंबतात. एवढं कळलं की तक्रारीत काही उरत नाही.

दुपारचंही तसंच. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात ३ ते साडेपाच ही कायद्यानेच शांततेची वेळ आहे. गोव्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या वेळी दुकान बंद दिसलं तर दार वाजवू नकोस, तूही झोप काढ. कारण तिथली रात्र आपल्या हिशेबाने फार लांबते. जेवायला नऊ-दहा वाजतात आणि गावच्या चौकात मुलं उशिरापर्यंत चेंडू खेळतात. तेव्हा तू जागी असायला हवीस.

एक सकाळ बंदरावर घालव, ही माझी विनंतीच समज. अथेन्सच्या पिरेयस बंदराहून येणारी मोठी बोट धक्क्याकडे पाठ करून येते. ती पुरती टेकायच्या आत मागचा लोखंडी दरवाजा साखळ्यांच्या खडखडाटात खाली यायला लागतो. दोर फेकले जातात, शिट्ट्या वाजतात. एका बाजूने सामान ओढत माणसं उतरतात, मधून मालाचे ट्रक. खोल्यांचे मालक नावांच्या पाट्या धरून उभे असतात. थोड्याच वेळात दरवाजा वर आणि बोट पारोसकडे किंवा सांतोरिनीकडे. ही घाई बघितलीस की बेटावरची बाकीची संथ चाल कुठून येते ते कळेल: बोट वगळता बहुतेक कामं थांबू शकतात.

आणि बोटही थांबते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार वाढला की जहाजांना बंदर सोडायची मनाई होते. लोक त्यावर चिडत नाहीत, वाऱ्याचा आकडा बघतात आणि कॉफी मागवतात. परतीच्या विमानाआधी अथेन्समध्ये निदान एक दिवस हातात ठेव. ही गोष्ट मात्र हट्टाने सांगतोय.

कॉफी काफेन्यो या गावच्या कॉफीच्या दुकानातच पी. म्हाताऱ्यांचा अड्डा असतो तो, तावली या फाशांच्या पटखेळाच्या सोंगट्या आपटत बसलेले असतात. साखर किती ते आधीच सांगावं लागतं, कारण कॉफी आणि साखर ब्रिकी नावाच्या दांड्याच्या छोट्या भांड्यात एकत्रच उकळतात. मग ढवळायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. शेजारी पाण्याचा ग्लास येतो. छोटासा कप तासभर पुरवला तरी कुणी उठवत नाही. मान किंचित मागे, भुवया वर आणि जिभेचा ‘च्यक्’ असा नकार आपल्या माणसाला लगेच उमगतो. ‘पाच’ सांगायला मात्र तळहात समोरच्याच्या तोंडासमोर धरू नकोस, ती तिथे शिवी आहे.

जेवणानंतर न मागता फळं किंवा छोट्या ग्लासात दारू आली, तर बिलात चूक झाली असं समजू नकोस. तो मालकाचा आग्रह. दारू नको असेल तर हसून नाही म्हण, पण फळाची एक फोड घेच. नाक्सोसचे बटाटे आणि ग्राव्हिएरा चीज न विसरता माग. शेजारच्या कोरड्या बेटांसारखं हे बेट नाही, इथे शेती आणि गुरं आहेत.

१५ ऑगस्टच्या सुमारास असशील तर फिलोती गावाला जा. मरियमच्या सणाला अथेन्सला गेलेली घरं गावी परततात. खोल्या आणि बोटींची तिकिटं फार आधी घ्यावी लागतात.

सगळ्यात जास्त वेळ आपिरांथोसला दे. गल्ल्यांत संगमरवर अंथरलेला आहे. ३० मे १९४१च्या रात्री अक्रोपोलिसवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघा तरुणांपैकी मानोलिस ग्लेझोस याच गावात जन्मला. पण तू एमरीबद्दल विचार. घासकामाचा हा कठीण दगड इथल्या डोंगरात खणायचे आणि हवाई दोरावरून मुत्सूना या छोट्या बंदराच्या धक्क्यावर उतरवायचे. ते खांब अजून उभे आहेत. खाणीत काम केलेल्या घरांतलं कुणी भेटलं, तर तुझी यादी खिशात ठेव आणि त्यांनाच बोलू दे. त्या दिवशी जे ऐकशील ते मला आधी लिहून पाठव, पोर्ताराचे फोटो नंतर.

तुझा
काका